पाण्याचा रकाना

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही. कांजिण्यांचंही तेच. शरीर एकदा मार खातं आणि शहाणं होतं. नारूचं तसं नाही. तो दरवर्षी येतो, पुष्कळदा त्याच पायात येतो, आणि शरीर त्याच्यापुढं दरवर्षी तेवढंच अडाणी असतं. मी शाळेत असताना मला तीन नारू निघाले. पहिला घोट्याला, दुसरा पोटरीला, तिसरा परत घोट्याला. दोन हात लांब, शेवईसारखा पांढरा जंत. कातडीवर फोड येतो आणि अशी आग होते की माणूस आपोआप पाय पाण्यात घालायला धावतो. पाण्यात फोड फुटतो, जंत तोंड बाहेर काढतो. मग ते तोंड एका काडीला गुंडाळायचं आणि रोज अर्धं-एक बोट ओढायचं, वर धोत्र्याचं पान बांधायचं. महिना महिना हा कार्यक्रम चालायचा. घाई केली आणि जंत आत तुटला, की पाय गेलाच म्हणून समजा.

तिसऱ्या वेळी मी आईला विचारलं होतं, "गोवर परत येत न्हाय, मग ह्यो कसा येतो गं?" आई म्हणाली, "त्याला लाज न्हाय म्हणून." पुढं मी प्राणिशास्त्र शिकलो, जंतांवर पीएच.डी. केली, आणि त्यानंतर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फेलोशिप मिळाली तेव्हा अर्जात हाच प्रश्न घातला, फक्त इंग्रजीत आणि मोठमोठ्या शब्दांत. परजीवीशी लढायला शरीर कसं शिकतं? एका पिढीचं शहाणपण दुसऱ्या पिढीच्या रक्तात उतरतं का? आणि नारूपुढंच ते नापास का होतं? अर्ज मंजूर झाला. मी तिशीच्या आत होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

अभ्यासासाठी गाव निवडलं ते माझंच. वारा इकडचा असला की ढोकीच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, एवढ्या अंतरावर. गावाला दगडी बारव. विहीरच, पण खाली पाण्यापर्यंत पायऱ्या गेलेल्या. बाया घागरी घेऊन उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भरायच्या. ज्याच्या पायाला नारू, तोही त्याच पाण्यात उभा. जंत पाण्यात पिल्लं सोडतो, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे ती पिल्लं गिळतात, तेच किडे घागरीतून माणसाच्या पोटात जातात, आणि दहा-बारा महिन्यांत माणसाच्या पायात नवा नारू तयार. हे सगळं विज्ञानाला तेव्हा ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ओढ्याच्या पलीकडं बौद्ध वस्ती. छप्पन सालानंतर त्यांनी देव बुडवले, गावकीची कामं सोडली, पोरं शाळेत घातली. त्यांना बारवात उतरायला मिळत नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांचा स्वतःचा आड होता, अरुंद, पायऱ्या नसलेला, दोरानं पोहरा सोडून पाणी ओढायचं. पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही त्या पाण्यात. पण त्यात कुणाचा पाय पडायचा नाही.

आता कागदावर बघाल तर बारव सगळ्यांना खुली होती. तसा ठराव माझ्या वडिलांनीच केला होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दहा वर्षं सरपंच, नंतर सोसायटीचे चेअरमन, आणि त्या साली कारखान्याच्या संचालकपदावर त्यांचा डोळा होता. आमच्या गावात भेदभाव नाही, एकच पाणवठा आहे, असं त्यांनी जिल्ह्याला लिहून कळवलं होतं, शिक्का मारून. तालुक्याच्या सभेत त्याबद्दल त्यांच्या गळ्यात हार पडला होता. तो हार आमच्या सोप्यात खुंटीला वाळून कडकडीत होईपर्यंत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी रक्ताच्या बाटल्या आणि छापील तक्ते घेऊन घरी आलो. वस्तीत रक्त द्यायला कुणी तयार होईना. तिथली एक बाई आमच्या रानात खुरपायला यायची, आणि हंगामात भावाबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा वारला होता. मी तिला मावशी म्हणायचो. आमच्या घरातले बाकीचे तिला नुसत्या नावानं, अगं-तुगं करून हाक मारायचे, त्यामुळं माझं मावशी म्हणणं मला लई मोठं वाटायचं. तिनं पदर खोचला आणि दारोदार फिरली. "द्या रे, वाईच रगत दिल्यानं मरत न्हाय कुणी. शिकलेलं हाय, काय तरी चांगलंच करील." आणि तिची लेक, तेव्हाच्या अकरावीला, वस्तीतली मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी, ती माझे तक्ते भरायला बसली. काय सुरेख अक्षर! मी बोलायचो, ती लिहायची. नाव, वय, पूर्वी नारू झाला का, कितीदा, कुठल्या अवयवाला. तिला नर्स व्हायचं होतं. मला ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या हातातली सुई बघत. "सर, मला बी असं जमंल का?" मी म्हणालो, "तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल." ते खरंही होतं. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्टा तीच बांधायला लागली.

पहिला तक्ता त्यांच्याच घराचा. 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत' असा एक रकाना होता. तिनं विचारलं, "आड लिहू ना, सर?"

मी थांबलो. तक्ते जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून शिक्का घेऊन पुढं जाणार होते. तिथं आबांचा ठराव पडलेला. मुलाच्या कागदानं बापाचा कागद खोटा पडला असता, आणि तेही निवडणुकीच्या तोंडावर. एवढं सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, आणि मी म्हणालो, "बारव लिही."

"पर सर, आमी तर..."

"लिही गं. कागदावर बारव सगळ्यांचीच आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. मावशी चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली. मुलीनं लिहिलं, 'बारव'. दुसऱ्या घरात तिनं मला विचारलंही नाही. वस्तीच्या सगळ्या घरांपुढं तेच लिहिलं, त्याच सुरेख अक्षरात.

पुण्याला परतलो. तक्ते लावले, रक्त तपासलं. गावठाणात घरटी कुणी ना कुणी नारूवाला. वस्तीत एकही नाही. जुना व्रण नाही, रक्तात नारूची खूण नाही. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी ते कागद दोनदा पाहिले. शांत माणूस, पण खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. "एकाच गावात, एकाच पाण्यावर दोन समाज," ते म्हणाले, "आणि एकाला नारू होतच नाही! रक्तात खूणही नाही, म्हणजे जंत मूळ धरायच्या आधीच शरीर त्याला मारतंय. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड झालेली असणार. हे खरं असेल तर फार मोठं आहे." मग वळून त्यांनी विचारलं, "पाणी एकच आहे ना? खात्री आहे?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार लावलेलं होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो, आबा तीनशे किलोमीटर लांब होते. मी म्हणालो, "हो सर. माझंच गाव आहे."

रक्तात खूण नाही याचा साधा अर्थ असा की जंत कधी पोटात गेलेलाच नाही. कॉलेजातलं पोरगंसुद्धा हे सांगेल. पण माणूस एकदा खोटं लिहून बसला आणि त्या खोट्यावर कुणी शाबासकी दिली, की तो स्वतःच ते खरं धरून चालायला लागतो. माझं तसंच झालं. तीन-चार महिन्यांत मी त्या तक्त्याकडं बघायचो तेव्हा मला आड आठवायचाच नाही. 'बारव' दिसायचं. मी त्यावर निबंध लिहिला, एका परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. मूर्खाला टाळ्या ऐकायला किती गोड लागतात, हे मला विचारा.

मग बाहत्तर साल आलं. आधीची दोन वर्षं पावसानं हात आखडताच घेतला होता, त्या वर्षी तर मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, श्रावणात धूळ उडत होती. कारखान्याचा ऊस उभा वाळला. माणसं खडी फोडायला गेली, सरकारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन राहिली. मी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला घरी आलो होतो. मावशीची लेक मॅट्रिक पास झाली होती आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगला निवडलीही गेली होती, फक्त वय वर्षभरानं कमी पडत होतं. पुढच्या जूनच्या तुकडीत हजर व्हा, असं पत्र आलेलं. मावशीनं ते पत्र बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवलं होतं आणि मला काढून दाखवलं. "वाचा दादा, जोरानं वाचा," म्हणाली. लेकीनं तिला दहादा वाचून दाखवलं असणार. मी पुन्हा वाचलं.

त्याच आठवड्यात आड आटला. पोहरा खाली गेला की नुसता खडखडायचा. ओढा तर कधीचाच कोरडा. गावात चावडीवर बैठक झाली. बराच आवाज चढला, शेवटी आबांनी निवाडा केला की वस्तीनं बारवातनं पाणी न्यावं, पण दुपारी, गावाचं भरून झाल्यावर. आपण किती मोठं मन दाखवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. माझा रकाना खरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली माणसं विहारापुढं जमली. मला बोलावलं. मावशीच बोलली.

"दादा, एक इचारायचंय. आमचं म्हातारं माणूस सांगायचं, बारवात उतरणाऱ्याला नारू व्हतो. आमी उतरत न्हाय म्हणून आमाला न्हाय. आता आमी उतरायचं. दुपारचं पानी, तळाचं, सगळ्या गावाचे पाय धुतलेलं. तर आमाला बी व्हईल का?"

पिढ्यान्‌पिढ्यांची निवड वगैरे काही नाही, सगळं उत्तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी हसलो. खरंच हसलो. "तसं नसतं, मावशी," मी म्हणालो. "तुमचं रक्त आम्ही तपासलंय. तुमच्या रक्तातच नारूला मारायची ताकद आहे. तुम्हाला नाही होत तो."

"व्हय? रगतातच?"

"रक्तातच."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा खुशीनं म्हणाला, "बघा, गावाला न्हाय ते आमच्याकडं हाय." हशा पिकला. त्या साली लोक कशालाही हसायला तयार होते.

मावशी मात्र हसली नाही. तिनं जुनं लुगडं फाडून दुहेरी घडीचं एक फडकं शिवलं होतं, ते पदराखालून काढलं. "तरी म्या म्हणते, फडक्यानं गाळून घेते. न्हाय तर उकळून घेते. पोरीला जूनमदी हजर व्हायचंय. तिच्या पायाला काय झालं तर माझा जलम वाया जाईल, दादा. नर्सबाईला दिवसभर हुबं ऱ्हावं लागतं."

ते फडकं पुरेसं होतं. दुहेरी लुगड्याच्या कापडातून ते किडे जात नाहीत. मला माहीत होतं. मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "काही गरज नाही, मावशी."

'गाळू नका' असं मी म्हणालो नाही. फक्त 'गरज नाही' म्हणालो. या फरकावर मी पुढं किती वर्षं जगलो! पण आता म्हातारपणी कशाला लपवू? तिनं गाळलं असतं तर वस्तीला नारू झाला नसता, आणि मग तो रक्तामुळं झाला नाही की फडक्यामुळं, हे मला कधीच कळलं नसतं. वस्ती प्रथमच बारवाचं पाणी पिणार होती. वर्षभर नारू निघाला नाही, तर माझं खोटं कायमचं खरं ठरणार होतं. मला ते पाहायचं होतं. मी त्या माणसांवर प्रयोग केला, आणि त्यांनी मला चहा पाजला. साखर नव्हती, गूळ घालून.

मावशीनं फडक्याची घडी घातली. "तुमी म्हणताय तर बरं," म्हणाली. उकळायला जळण तरी कुठं होतं? झाडांच्या साली लोक जनावरांना घालत होते.

पुढच्या वैशाखाच्या शेवटी मला पुण्याला एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर ओळखलं. मायना झाल्यावर सरळ मुद्द्याला हात घातला होता: 'सर, तुम्ही शिकवल्याप्रमाणे माहिती लिहून पाठवत आहे.' खाली माझ्या तक्त्यासारखाच तक्ता, पट्टीनं रेघा मारलेला. नाव, वय, नारू निघाल्याचा दिवस, अवयव. पहिलं नाव त्या खुशीनं बोललेल्या म्हाताऱ्याचं. मग त्याची सून. मग एकामागून एक, अर्धं पान भरून. सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं नाव. अवयव, उजवा गुडघा. त्याखाली एकच ओळ: 'मला बारा जूनला हजर व्हायचे आहे, त्याआधी तो पूर्ण निघेल काय, हे कृपया कळवावे.'

पाण्याचा रकाना तिनं आखलाच नव्हता.

मी त्याच दिवशी एस.टी. धरली. पोचलो तोवर उशीर झाला होता. रोज अर्धं बोट ओढत बसलं तर बारा जूनपर्यंत नारू निघणार नाही, हा हिशेब त्या हुशार मुलीनं माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच केला होता. तिनं काडी ओढली. तुटला. जंत आत तुटला की त्याचं सगळं विष सांध्यात उतरतं. मी गेलो तेव्हा गुडघा केवढा सुजला होता म्हणून सांगू, कातडी तुकतुकीत ताणलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. मला बघून ती उठून बसायला लागली. म्हणाली, "सर, माझी चूक झाली. म्या घाई केली."

तिची चूक! मला तिथं भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण मी काय केलं, तर नाडी बघितली.

गावात जीप एकच, सोसायटीची. मी आबांकडं गेलो. आबा म्हणाले, "नारू काय आज आलाय व्हय गावाला? माझे पाय बघ, तुझे बघ. कुणी मेलं का?" मी जीपची किल्ली खुंटीवरून घेतली, त्या वाळक्या हाराच्या शेजारूनच, आणि निघालो. आबा मागून ओरडत राहिले. माझ्या जन्मात त्यांच्या शब्दाबाहेर मी एवढा एकदाच गेलो, आणि तेही वर्षभर उशिरा.

धाराशिवच्या दवाखान्यात गुडघा तीन वेळा चिरला. पू काढला. मावशी व्हरांड्यात पाय पोटाशी घेऊन बसायची. तिच्या लुगड्याच्या ओच्यात ते निवडीचं पत्र होतं, कुणीतरी साहेब भेटेल आणि तारीख पुढं ढकलील या आशेवर. मी तिला घेऊन नर्सिंगच्या ऑफिसात गेलो. कारकून भला माणूस होता. त्यानं पत्र वाचलं, मग विचारलं, "मुलगी चालते का?" मावशी म्हणाली, "चालंल की. बरी झाली की चालंल." कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. मी प्राणिशास्त्राचा डॉक्टर. मी पत्राची घडी घातली आणि मावशीच्या हातात दिली. बारा जून आला आणि गेला.

पाय वाचला. गुडघा धरला तो धरलाच, काठीसारखा ताठ. वाकायचं नाव नाही. घरी सोडलं त्या दिवशी व्हरांड्यात मावशी आणि मी दोघंच होतो. मी तिला सगळं सांगितलं. रकाना, आबांचा ठराव, प्राध्यापकांचा प्रश्न, फडकं. रडत सांगितलं, काही राखलं नाही. वाटलं, ती शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. मला ते हवंच होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा, म्या गाळणार व्हते."

त्यानंतर तिनं मला दादा म्हटलं नाही. साहेब म्हणायला लागली.

पुण्याला जाऊन प्राध्यापकांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त माझ्या हातातले तक्ते घेऊन त्यांनी कपाटात ठेवले आणि कपाट लावलं. निबंध मागं घेतोय असं मी परिषदेला कळवलं, कारण दिलं 'माहिती संकलनातील त्रुटी'. त्रुटी! मला तेव्हाही खरा शब्द लिहिता आला नाही. फेलोशिप सोडली, धाराशिवच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. नारूपुढं शरीर का शिकत नाही, हा प्रश्न पुन्हा हातात घेतला नाही. मीच काही शिकत नव्हतो, तर शरीराला काय नाव ठेवू?

आडाला पुन्हा पुरेसं पाणी लागलंच नाही, वस्ती दुपारचं बारवाचंच भरत राहिली. मुलगी वस्तीतच राहिली. शिवणाचं मशीन पायानं चालवता येईना म्हणून हातानं फिरवायचं घेतलं. मी दर सुट्टीत जायचो. पुस्तकं न्यायचो. ती घ्यायची, परत द्यायची, नीट बोलायची. लग्नाला दोन स्थळं आली, पाय बघून गेली. मी कॉलेजात प्रयोगशाळेत जागा बघतो म्हणालो, तर म्हणाली, "नको सर. तिथं बी लिहायचंच काम असंल ना?"

आठ-नऊ वर्षं गेली. नारू हटवायचं सरकारी काम सुरू झालं. बारवांच्या पायऱ्या बुजवायच्या, हातपंप बसवायचे, आणि त्याआधी घरोघर पाहणी. आमच्या गावाला पाहणी करायला एक तरुण पोरगा आला, नव्या नोकरीचा, खिशाला दोन पेनं. आबा आता थकले होते, पण सरकारी माणूस आला की काठी टेकत पुढं व्हायचे. मी सुट्टीवर होतो. वस्ती दाखवायला आम्ही तिघं गेलो.

मावशीच्या दारात ती मशीनपुढं बसली होती, ताठ पाय पाटावर लांब सोडून. मावशी आत निजून होती, तिला आता कमी ऐकू यायचं. पोरानं तक्ता काढला. नाव विचारलं, वय विचारलं. नारू झाला होता का? झाला होता. कितीदा? एकदा. अवयव? तिनं हातानं दाखवला.

"पिण्याचं पाणी कुठलं, बाई?"

तिनं सुईतून दोरा काढला. मान वर केली. आबांकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"मला कशाला इचारता?" ती म्हणाली. "ह्यांना इचारा. आमी कुठलं पानी पितो ते ह्यांनीच मला सांगितलं व्हतं."

पोरगा माझ्याकडं वळला, पेन रकान्यावर टेकवून. आबांनी घसा खाकरला. काठी जमिनीवर आपटली. मी आबांकडं पाहिलं नाही.

"आड लिहा," मी म्हणालो. "ह्यांचा आड होता. बारवात आम्ही त्यांना उतरू देत नव्हतो. दुष्काळात आड आटला म्हणून बारवाचं प्यावं लागलं, आणि गाळायची गरज नाही असं मी सांगितलं. म्हणून नारू झाला. असं सगळं लिहा."

माझा आवाज वस्तीभर गेला असणार. शेजारच्या दारात बाया येऊन उभ्या राहिल्या. पोरगा गोंधळला. त्यानं तक्ता एकदा उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"साहेब, आत्ताचं सांगा," तो म्हणाला. "पूर्वीच्या पाण्याला ह्यात रकाना न्हाय."

तिनं दोरा पुन्हा सुईत ओवला आणि उजव्या हातानं मशीनचं चाक फिरवायला सुरुवात केली. "आत्ताचं बारवाचंच हाय," ती पोराला म्हणाली. "पर लिवा, गाळून."